न लावलेले लिंबू

वैशाख शुद्ध दशमी. आकाश सकाळपासून निरभ्र, वारा पूर्ण पडलेला. ऊन असे की उडदाचा पापड अंगणात टाकून पाठ वळवावी तोवर त्याच्या कडा वर उचलू लागाव्यात.

एकदा एक वृद्ध वैद्य आणि त्यांचा शिष्य अशा दिवशी शेजारच्या गावी एका लग्नाला गेले.

हे वैद्यबुवा त्या पंचक्रोशीत औषधांइतकेच फुलांसाठी ओळखले जात. अनोळखी पाणी, काढा किंवा क्षार समोर आला तर ते तो कधी जिभेवर ठेवीत नसत. त्यात जास्वंदीची पाकळी चुरगळीत, हळदीत भिजवून वाळवलेली कापडाची चिंधी बुडवीत, क्षणभर पाहत आणि सांगत: हे आम्ल आहे, हे क्षार आहे, हे दोन्ही नाही. "जीभ एकदा भाजली की जन्मभर तीच वापरावी लागते," असे ते म्हणत. "जास्वंद उद्या पुन्हा फुलते."

शिष्याला हे सारे तोंडपाठ झाले होते. आंबटाला भेटली की जास्वंद गुलाबी होते, क्षाराला भेटली की हिरवट पडते. हळद क्षाराला भेटली की तांबडी होते आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. विद्या नवी असली की ती वापरण्याची घाई असते, आणि शिष्याला ती घाई फार होती.

लग्न गावातल्या एका शिंप्याच्या मुलीचे होते. तिचे नाव भागीरथी. घरात आणि गल्लीत सगळे तिला भागू म्हणत. मुलगा तालुक्याच्या गावच्या कापडाच्या व्यापाऱ्याचा. शिंप्याला स्थळ मोठे वाटत होते आणि व्यापाऱ्यालाही आपण मोठे आहोत असेच वाटत होते, त्यामुळे निदान या एका बाबतीत दोन्ही घरांचे एकमत होते. मांडवातून परतवलेल्या मुलीला त्या मुलखात दुसरे स्थळ येत नसे, हेही दोन्ही घरांना ठाऊक होते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी एवढे पुरे आहे.

वऱ्हाड सूर्य वर येण्याआधीच येऊन पोचले, आणि सांगितले होते त्याच्या दुप्पट आले. जानवसघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. विहिरीवरून भरून ठेवलेले घरातले सगळे पाणी पाहुण्यांच्या आंघोळीला गेले. रुखवतात मांडायचे पापड पंगतीसाठी काढले तरी पुरणार नव्हते. भागूच्या आईने तळाशी उरलेल्या पाण्यात पुन्हा पापडखार उकळला, उडदाचे पीठ काढले, पण कुटायला बसायला माणूस नव्हते. घरातल्या साऱ्या बायका पाहुण्यांच्या मागे धावत होत्या. भागू पदर खोचून उखळीपाशी बसली.

"अगं, नवरी ना तू आज? ऊठ तिथून," आई म्हणाली.

"आई, मुलाकडची माणसं आज उपाशी उठली तर पुढं मलाच खातील," भागू म्हणाली. "कुटू दे मला."

त्याच वेळी दाराशी शेजारची ठकूबाई भिंतीवर हळदीचे हात उठवीत होती. भिंतीला आदल्या दिवशीच चुना दिला होता, तो अजून पुरता वाळला नव्हता. ठकूबाईने पिवळी ओली हळद तळव्याला लावून हात टेकला आणि काढला. पाहता पाहता पाची बोटे तांबडीलाल उमटली. व्यापाऱ्याची थोरली बहीण, जिला वऱ्हाडात सगळे आत्याबाई म्हणत, दारातून आत येत होती. ती थबकून, मांडवात बसलेल्या वैद्यबुवांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वा! काय शकुनाचा रंग चढलाय गं भिंतीला!"

हे वाक्य वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. ज्यांनी ठेवायला हवे होते ते घटकाभरात विसरले.

त्या घराण्यांची रीत अशी होती की नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे यायची आणि वरपक्षाच्या सवाष्णीने ती नवरीला लावायची. ती आता वाटीतून आली. आत ओरडा झाला, "चल गं, उष्टी हळद आली!" भागूने उखळीतून हात काढले. धुवायला तांब्याभर पाणी मागितले तर ते नव्हते. तिने हात फडक्याला पुसले आणि पाटावर येऊन बसली.

आत्याबाईंनी कपाळाला हळद लावली, ती पिवळी. गालांना लावली, पिवळी. दंडांना, कोपरांना, पायांना लावली, पिवळीच. मग भागूचे दोन्ही तळवे हातात घेऊन त्यांवर हळद चोळली आणि वाटी खाली टाकली.

"अगं बाई गं! हे काय?"

मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत भागूचे दोन्ही हात वीट उगाळल्यासारखे तांबडे झाले होते. आत्याबाईंनी स्वतःचे हात पदराला खसाखसा पुसले आणि त्या आल्या पावली मागे सरत ओरडल्या, "हळदीचं रक्त झालं! पोरीच्या हातात हळदीचं रक्त झालं!"

बायका गोळा झाल्या. कोणी "सावली पडली असेल" म्हणाले, कोणी "पत्रिकेतच काहीतरी लपवलंय" म्हणाले. जी बाई भागूशेजारी बसून कालपर्यंत तिच्या केसांत फुले माळत होती ती आपला पाट मागे ओढून बसली. भागू स्वतःच्या हातांकडे पाहत होती. तिला काय झाले ते समजत नव्हते. तिला एवढेच समजले होते की आता तिच्या तोंडाकडे पाहून कोणी बोलत नाही, सगळे तिच्या हातांकडे पाहून बोलत आहेत.

व्यापारी आला. मागून जोशीबुवा आले. नवरदेवही अंगाला हळद तशीच लावलेली, मुंडावळ्या न बांधताच, मागे येऊन उभा राहिला.

व्यापाऱ्याने हात पाहिले. "जोशीबुवा, शास्त्र काय सांगतं?"

जोशीबुवांनी घसा साफ केला. "शास्त्रात असं स्पष्ट कुठे आढळत नाही. पण आढळत नाही म्हणजे नसेलच असंही नाही."

"म्हणजे आहे," व्यापारी म्हणाला. तो शिंप्याकडे वळला. "ज्या हातावर हळद टिकत नाही, त्या हातात आमचं घर काय टिकणार? सांगा की. आम्ही काय अंधारात उडी मारायची?"

"शेटजी, पोर कष्टाळू आहे हो माझी," शिंपी म्हणाला. त्याने हात जोडले आणि तो वाकू लागला. "घरात विचारा, गल्लीत विचारा..."

"गल्लीला काय विचारायचं? हळद सांगतेय ना! हळद खोटं बोलत नाही."

आता शिष्याची गोष्ट. तो मांडवाच्या कडेला उभा राहून हे सारे पाहत होता आणि त्याला हसू आवरत नव्हते, इतके ते त्याला सोपे वाटले. उखळीतले पीठ त्याने पाहिले होते. पापडखार म्हणजे क्षार. क्षार म्हणजे हळद तांबडी. तो स्वयंपाकघरात गेला, टोपलीतून एक लिंबू उचलले, चिरले आणि अर्धी फोड मुठीत धरून गुरूंजवळ आला.

"गुरुजी, नुसतं पिळायचं," तो कानाशी पुटपुटला. "सगळ्यांदेखत पिवळे होतील हात. भांडण इथंच मिटेल."

वैद्यबुवांनी त्याचे मनगट धरले. म्हातारा हात, पण पकड अशी की लिंबाचा रस शिष्याच्याच बोटांतून खाली गळला.

"ठेव ते," ते म्हणाले.

"पण गुरुजी, मुलीचं लग्न..."

"ठेव म्हणतो ना!"

शिष्याने गुरूंना एवढे संतापलेले पूर्वी पाहिले नव्हते. त्याने फोड पाटाजवळच्या ताटलीत ठेवली. मनात म्हणाला, हातात औषध असून न देणारा हा कसला वैद्य?

वैद्यबुवा पुढे गेले. वाकलेल्या शिंप्याच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला सरळ उभे केले. खाली पडलेली हळदीची वाटी उचलली. तीत अजून बरीच हळद होती. मग त्यांनी जे केले ते कोणालाच कळेना. भागूकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. वाटी घेऊन ते व्यापाऱ्यासमोर उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "शेटजी, नवरदेवाच्या वडिलांना हळद लावायची राहिली. डावा हात पुढं करा."

"मला? आत्ता?"

"शकुनाची हळद आहे. नाही म्हणू नये."

चारचौघांत नाही म्हणणे अवघड होते. व्यापाऱ्याने हात पुढे केला. वैद्यबुवांनी तळव्यावर हळद चोळली आणि हात तसाच वर धरला.

तळव्याच्या मधोमध रुपयाएवढा तांबडाभडक डाग उमटला. पाहुणे मंडळी मान लांब करून पाहू लागली. व्यापाऱ्याला तंबाखूची सवय होती. सकाळपासून त्या तळव्यावर त्याने चुना आणि तंबाखू किती वेळा मळली होती ते मोजणे अवघड. हात मात्र त्याने धोतराला पुसला होता, आणि तेवढ्यावर तो स्वतःला स्वच्छ समजत होता.

वैद्यबुवा शेजारी उभ्या असलेल्या नवरदेवाच्या काकांकडे गेले. त्यांचाही तळवा तांबडा. त्यापुढचे मामा विडा लावत बसले होते. त्यांचे एकच बोट, चुन्याच्या डबीत जाणारे, पेरापर्यंत लाल झाले. जोशीबुवा हात मागे घेऊ लागले.

"दाखवा की जोशीबुवा," मागून ठकूबाई म्हणाली. "शास्त्रात आढळत नाही म्हणजे नसेलच असं नाही!"

जोशीबुवांचेही बोट लाल झाले. पहिल्यांदा मांडवात हसू फुटले.

"आता घर कुणाच्या हातात टिकवायचं ते ठरवा रे बाबांनो," ठकूबाई म्हणाली. "मला तर इथं एक हात दिसेना."

"हसता काय!" आत्याबाई पुढे सरसावल्या. त्यांनी आपला तळवा उघडून सगळ्यांना दाखवला. हळद लावताना त्यांच्याच हाताला सर्वांत जास्त लागली होती. पुसली होती, तरी रेषारेषांत ती पिवळीधमक दिसत होती. "हा बघा हात. पिवळा आहे की नाही? हळद आम्हांलाही ओळखते!"

"ओळखते," वैद्यबुवा म्हणाले. "पण सगळं सांगत नाही." गणपतीपुढच्या तबकातली तांबडी जास्वंद त्यांनी उचलली, तिच्या पाकळ्या चुरगळल्या आणि आत्याबाईंच्या बोटांवर चोळल्या. पाकळ्यांचा जांभळट रस बोटांच्या टोकांवर लागताच भडक गुलाबी झाला.

"आत्याबाई," वैद्यबुवा म्हणाले, "आत मिठात घातलेल्या कैरीच्या फोडी होत्या. तुम्ही काही त्या..."

"दोनच घेतल्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि बोलल्यावर त्यांनी ओठ आवळले.

"दोन?" ठकूबाई म्हणाली. "वाडगं रिकामं आहे, आत्याबाई."

या वेळचे हसणे मोठे होते. पण वैद्यबुवा हसले नाहीत. हसून सोडून द्यावे असे त्यांना त्यात काहीच दिसत नव्हते. ते मांडवाच्या मधोमध उभे राहिले. त्यांचा आवाज वर चढला नाही. उलट तो इतका खाली आला की लोकांना गप्प बसावे लागले.

"शेटजी, तुम्ही म्हणालात, हळद खोटं बोलत नाही. खरं आहे. पण तिला बोलता येतं ते एकच वाक्य. क्षाराला भेटली तर ती सांगते, मी क्षाराला भेटले. बस. आंबटाला भेटली तरी ती गप्प, नुसत्या पाण्याला भेटली तरी गप्प. आत्याबाईंचा हात कैरीनं भरलेला असून हळदीनं अवाक्षर काढलं नाही. त्यासाठी जास्वंदीला विचारावं लागलं. आणि जास्वंदसुद्धा फक्त हाताला काय लागलंय ते सांगते, हात कोणाचा आहे ते नाही. तुम्ही हळदीच्या बोलण्याला शाप ठरवलंत आणि तिच्या गप्प बसण्याला आशीर्वाद.

"आणि विचारलंत कुणाला? मांडवात एवढे हात. तंबाखूचे, विड्याचे, कैरीचे. साक्ष काढलीत एकाच हाताची, आणि तो हात तुमच्याच माणसांसाठी पापडाचं पीठ कुटत होता. तुम्ही दुप्पट आलात म्हणून पापड कमी पडले. तुमच्या आंघोळीला पाणी गेलं म्हणून तिला हात धुवायला मिळालं नाही. तुमच्या पोटासाठी तिच्या हाताला जो पापडखार लागला, त्याच खारावरून तुम्ही तिला अभद्र म्हणता? सकाळी ह्याच दाराच्या भिंतीवर ही हळद ओल्या चुन्याला भेटून लाल झाली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, काय शकुनाचा रंग. भिंतीवर शकुन आणि मुलीच्या तळव्यावर रक्त!"

त्यांनी आत्याबाईंकडे पाहिले.

"आत्याबाई, कपाळावर काय लावलंय?"

"कुंकू," आत्याबाई म्हणाल्या.

"कुंकू कशाचं करतात?"

ठकूबाईनेच हळू आवाजात उत्तर दिले. "हळदीचं."

"हळदीला क्षार दिला की ती तांबडी होते, आणि त्याच तांबड्याला तुम्ही सौभाग्य म्हणून जन्मभर कपाळावर वागवता. ते ह्या मुलीच्या हातावर आलं तेव्हा तुम्ही वाटी टाकलीत."

बाहेर वाळत घातलेल्या पापडांवरून कोणीतरी कावळा हाकलीत होते, तेवढाच आवाज येत होता.

व्यापारी हा अगदीच अडाणी माणूस नव्हता. आपण उघडे पडलो हे त्याला कळले होते आणि त्यातून सन्मानाने बाहेर कसे पडायचे याचा तो विचार करीत होता. त्याची नजर ताटलीतल्या लिंबाच्या फोडीवर गेली. लिंबाचा गुण त्यालाही ठाऊक होता. कापडावरचा हळदीचा तांबडा डाग त्याच्या दुकानात असाच घालवीत.

"बरं, वैद्यबुवा, तुमचं खरं," तो म्हणाला. "झालं गेलं. मुहूर्त टळायला नको. मुलीच्या हाताला जरा लिंबू लावा, हळद पिवळी होऊ द्या. सगळ्यांना दिसू द्या. म्हणजे नंतर कोणी नाव ठेवायला नको. आमची काही हरकत नाही."

हेच, नेमके हेच शिष्य घटकाभरापूर्वी स्वतः करायला निघाला होता. तेव्हा ते त्याला औषध वाटले होते. व्यापाऱ्याच्या तोंडून ते ऐकताना त्याला त्याची चव कळली.

"शेटजी," तो स्वतःच म्हणाला, आणि आपण बोलतो आहोत याचे त्यालाच नवल वाटले, "लिंबू लावायचंच तर तुमच्या तळव्यापासून लावू या का?"

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "पोरा, मी वरबाप आहे, ती वधू आहे. माझ्या हाताचं कोण विचारतं?"

"तेच तर," वैद्यबुवा म्हणाले. मग ते पहिल्यांदा भागूकडे वळले. तिच्या हातांकडे नाही, चेहऱ्याकडे. "मुली, लिंबू तुझ्यासमोर आहे. लावायचं की नाही हे मी सांगणार नाही. हात तुझे आहेत."

शिंप्याने पोरीकडे पाहिले. त्याच्या नजरेत काय होते ते सांगायला नको. धाकटी मुलगी अजून घरात होती. गाव पाहत होते.

भागू उठली. तिचे हात अजून तसेच तांबडे होते, सुकत चाललेल्या हळदीला बारीक भेगा पडल्या होत्या. ती लिंबाकडे गेली नाही. ती नवरदेवासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही इतका वेळ इथंच होता," ती म्हणाली. "तुम्हांला काय वाटतं?"

नवरदेवाने वडिलांकडे पाहिले. मग जमिनीकडे. "बाबा म्हणतील तसं," तो म्हणाला.

भागूने आजूबाजूला पाहिले आणि वैद्यबुवांच्या हातातली उरलेली जास्वंद मागून घेतली. "जरा हात द्या," ती नवरदेवाला म्हणाली. त्याने दिला. त्याचा हात सकाळच्या हळदीने पिवळा होता. तिने त्यावर पाकळी चोळली. पाकळीचा रस जसा होता तसाच राहिला. गुलाबी झाला नाही, हिरवाही झाला नाही. हळदही पिवळीच होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग त्याचा हात हळूच खाली सोडला.

"आजोबा," ती वैद्यबुवांना म्हणाली, "याला काय म्हणतात?"

"पाण्यासारखा," वैद्यबुवा म्हणाले. "ना आम्ल, ना क्षार. हा काही दोष नाही, मुली. पाण्यावाचून कुणाचं चालत नाही."

"दोष नाहीच," भागू म्हणाली. "पण उद्या दूध नासलं, परवा चूल विझली, तेरवा कुणाच्या पोटात दुखलं, की परत माझे हात बघतील. तेव्हाही हे इथंच उभे असतील." ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही परत हात जोडू नका. तुम्ही वाकलात ना मघाशी, ते मला हळदीपेक्षा जास्त लागलं."

शिंप्याने खांद्यावरचे उपरणे झटकले, नीट घडी घातली आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "शेटजी, स्वयंपाक झालाय. उन्हाचं आला आहात. जेवल्याशिवाय जाऊ नका."

भागूने ताटलीतली लिंबाची फोड उचलली आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता ठकूबाईच्या हातात दिली. "मावशी, आणखी लिंबं चिरा. वरणावर वाढायला लागतील." मग ती पुन्हा उखळीपाशी जाऊन बसली. उरलेले पीठ अजून तसेच होते. तिने हात न धुताच मुसळ उचलले.

परतीच्या वाटेवर ऊन उतरले होते. गावाची शेवटची घरे मागे पडल्यावर शिष्य म्हणाला, "गुरुजी, मी लिंबू पिळलं असतं तर लग्न लागलं असतं."

"लागलं असतं."

"मग मी चुकलो कुठं? लिंबाचं ज्ञान खोटं नव्हतं."

वैद्यबुवा बांधावर टेकले. "ज्ञान खरं होतं. तू ते कुणाच्या बाजूनं वापरायला निघाला होतास? तिचा हात तांबडा झाला तो पिवळा करून दाखवणं, याचा अर्थ तांबडा हात वाईट हे तू आधी मान्य केलंस. तिला निर्दोष ठरवायला निघालास, म्हणजे तिच्यावरचा खटला चालू ठेवलास. अरे, चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारा माणूस शहाणा दिसतो, आणि त्याच्यामुळंच तो प्रश्न गावात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ज्याच्याकडे परीक्षा घ्यायचं साधन आहे, त्यानं आधी विचारावं, परीक्षा कुणाची चालली आहे, आणि घेणाऱ्याचे हात कधी तपासले का."

"म्हणून तुम्ही तिच्या हातांकडं पाहिलंही नाही."

"पाहायचं काय होतं त्यात? पापडखार होता."

शिष्याने स्वतःची बोटे नाकाशी नेली. सकाळी मुठीत पिळल्या गेलेल्या लिंबाचा वास अजून तिथे होता.

लग्न लागले नाही. वऱ्हाड संध्याकाळी जेवून परत गेले. पंगतीत प्रत्येक पानावर लिंबाची एक फोड होती आणि एक तळलेला पापड होता.